बसलात का सगळे?

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हसणार असाल तर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय आणि मामा अजून ते भोगतायत.

थंडीचे दिवस होते. दिवे नुकतेच लागले होते. जागा म्हणजे मामा जिथे ग्रंथपाल होते ते वाचनालय.

मामा आमच्या भागाच्या इतिहासाची पुस्तकं लिहायचे. पहिली गिरणी कुणी घातली, पूल कधी झाला, शाळा आधी कुणाच्या गोठ्यात भरायची, सगळं तोंडपाठ. मामी म्हणायची, "ह्यांना माझा वाढदिवस विचारा, डोकं खाजवत बसतील. पुलाचा विचारा, झोपेत सांगतील."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. त्यात एक प्रकरण होतं, जुन्या नावेचं.

पूल नव्हता तेव्हा लोक नावेनं नदी ओलांडायचे. नावाड्याचा एक नियम होता. माणसं चढली की तो मोठ्यानं विचारायचा, "बसलात का सगळे?" प्रत्येकानं आपापल्या जागेवरून ओरडून सांगायचं, "बसलो." एक जरी गप्प राहिला तरी तो दोर सोडायचा नाही.

एका संध्याकाळी गिरणीवाल्यानं माणसांनी भरलेल्या नावेत पोत्यांची थप्पी लावली. नावाडी नको म्हणाला. वाद झाला. नावाड्यानं अजून विचारलंही नव्हतं, तोच गिरणीवाल्यानं घाईघाईत स्वतःच दोर सोडला. नाव नदीच्या मधोमध बुडाली. पोहून बाहेर आला तो एकटा गिरणीवाला. आणि त्यानं गावभर सांगितलं, नावाडी पिऊन तर्र होता.

मग नावाड्याच्या बायकोला गावात कुणी दारात उभं केलं नाही. लेकराला घेऊन ती गेली, ती कायमचीच.

हे सगळं काठावरून एका लहान मुलीनं पाहिलं होतं. ती मुलगी म्हणजे माझी आजी, मामांची आई. शेवटच्या दुखण्यात तिनं मामांचा हात धरून सांगितलं होतं, "मला लहान म्हणून गप्प बसवलं रे. तू तरी खरं लिही."

मामांनी काय लिहिलं?

'नावाडी दारूच्या नशेत होता.'

कारण वाचनालयाचे अध्यक्ष होते त्याच गिरणीवाल्याचे चिरंजीव. त्यांनी शब्द टाकला आणि मामांनी मान डोलावली.

"अहो, आईंना काय कबूल केलं होतं तुम्ही?" त्या संध्याकाळी पुस्तकांचे गठ्ठे सोडता सोडता मामी म्हणाली.

"एका ओळीनं काय आभाळ कोसळणार आहे?"

तेवढ्यात मामीचा हात थबकला...

गठ्ठा ओला होता.

पाऊस नाही. छत गळत नाही. नळ पार मागच्या बाजूला. मामांनी वरचं पुस्तक उघडलं. सगळी पानं कोरडी, फक्त ती ओळ असलेलं पान फुगलेलं. त्याला नदीतल्या गाळाचा वास येत होता.

मामी फडकं आणायला मागे गेली. मामा खुर्चीत टेकले.

कर्र... कर्र...

ओला दोर लाकडावर घासावा तसा आवाज. कपाटांच्या मधून.

आणि मग...

"बसलात का सगळे?"

टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्या एकेक करून करकरल्या.

"बसलो."

"बसले."

"बसलो..." हा तर लहान मुलाचा आवाज.

मग शांतता. कुणीतरी वाट बघत होतं. एकाचं उत्तर यायचं राहिलं होतं.

मामांची पाचावर धारण बसली. तिथे बसलेलं जिवंत माणूस एकच होतं. पण नियम त्यांना पाठ होता. एक जरी गप्प राहिला तरी दोर सुटत नाही; आणि जो 'बसलो' म्हणेल तो नावेतलाच झाला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, ते मामी परत येईपर्यंत. मामीला काहीच ऐकू आलं नव्हतं.

सकाळी मामा अध्यक्षांच्या घरी धावले. "ती ओळ खोटी आहे. आज प्रकाशन नको."

अध्यक्ष हसले. "घाबरता काय? मेलेला माणूस काय कोर्टात जाणार आहे?"

संध्याकाळी हॉल गच्च भरला. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत अध्यक्ष, शेजारी मामा.

आणि हॉलच्या मागून तोच आवाज आला...

"बसलात का सगळे?"

कुणी मान वळवली नाही. तो ऐकू गेला फक्त मामांना आणि अध्यक्षांना. मामांनी अध्यक्षांचा दंड घट्ट पकडला, जिवाच्या आकांतानं मान हलवली. बोलायची सोय नव्हती. अध्यक्षांना वाटलं, कुणी कार्यकर्ता विचारतोय. माईक ओढून ते हसत म्हणाले,

"हो, हो, बसलो! करा सुरू."

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. अध्यक्षांनी घसा धरला. तोंडातून पाणी आलं. गढूळ पाणी, थांबेचना. कोरड्याठाक व्यासपीठावर, भर सभेत तो माणूस हातपाय मारत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयविकारात फुप्फुसात पाणी होतं कधी कधी. गाळाचं विचारलं तर ते बॅग उचलून निघून गेले.

मामांनी खरी हकीकत छापून घेतली आणि प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हातानं चिकटवली. नावाड्याची माफी मागितली. ढसाढसा रडले.

त्याच संध्याकाळी घरात पुन्हा दोर करकरला. पुन्हा विचारणा झाली. एकेक आवाज आला आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांचा...

"बसलो."

मग शांतता. आता फक्त मामा राहिलेत.

तेव्हापासून दिवेलागणीला मामा तोंडातून ब्र काढत नाहीत. इतकी वर्षं निभावलं. मामीसुद्धा त्या वेळी त्यांना काही विचारत नाही.

पण आता मामांचं वय झालंय. ते विसरायला लागलेत. पूल कधी झाला, आठवत नाही. मागच्या भेटीत मला म्हणाले, "आपण कोण?"

काल मामीचा फोन आला.

"अरे, हे मला विचारत होते... रोज संध्याकाळी तो बिचारा इतक्या आपुलकीनं विचारतो, आपण उत्तर का देत नाही?"

मी निघालोय. पोचेपर्यंत अंधार पडेल.

मामी फोन उचलत नाहीये.