गर्डरखालचे सहा इंच

हार्वेस्टर घेताना लोक इंजिन बघतात, कटरची रुंदी बघतात, टायरला लाथ मारून बघतात. उंची कुणी बघत नाही, कारण शेतात वर आभाळच असतं. सीझन संपला आणि यंत्र कुठंतरी छपराखाली घालायची वेळ आली, की मग सगळे डोकं खाजवायला लागतात.

वाशीमच्या खालिदला मात्र उंची पहिल्या दिवसापासून माहीत होती. खालिद फॅब्रिकेशनवाला, गेट आणि ट्रॉल्या बनवणारा. टेपशिवाय तो घराबाहेर पडत नसे. भेंडी घ्यायला गेला तरी खिशात टेप असतो, असं त्याची बायको लतीफा म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही, यावर त्याचा विश्वास होता. हरभरा निघाल्यावर त्यानं वाशीममधले आठ शेड मापून पाहिले. कुठं दहा फूट, कुठं अकरा. त्याचं हार्वेस्टर, वरची छत्री उतरवूनसुद्धा, बारा फूट एक इंच होतं.

शेवटी जऊळक्याला, स्टेशनापासून दीडेक किलोमीटरवर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं गोदाम मिळालं. दगडी भिंती, वर पत्रे, हत्ती जाईल एवढं दार. अडचण एकच, मधोमध आडवा गेलेला लोखंडी गर्डर. खालिदनं शिडी लावून तीन ठिकाणी माप घेतलं. बारा फूट सात. यंत्र आत घेतलं तेव्हा धान्याची टाकी बरोबर त्या गर्डरखाली येऊन थांबली. वर सहा इंच मोकळे राहिले. खालिद खूश झाला.

गोदाम मदनसिंगच्या ताब्यात होतं. तो जवळच्या तांड्यावरचा, साठीचा माणूस. एवढा उंच, की चहाच्या टपरीत शिरायच्या दहा पावलं आधीच त्याची मान खाली जायची. त्याचे दोघं भाऊ मात्र चारचौघांसारखे होते.

"ठेवा मशीन," मदनसिंग म्हणाला. "पर दसऱ्याच्या आत काढा. अन् रोज रोज कोनाले आत बसू देऊ नका."

"काहून?"

मदनसिंगनं गोदामाकडं पाहिलं, मग चपलेकडं. "हवा बरी नाई आतली."

खालिदला वाटलं, ओल असेल. बंद इमारतीत ओल असतेच.

पण रोज कुणीतरी बसणं भाग होतं. यंत्र खोलून दुरुस्त करायचं होतं आणि ते काम फुरकानचं. फुरकान म्हणजे खालिदचा धाकटा भाऊ, वय वर्षं सव्वीस. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. खालिदनं त्याला शाळेत घातलं, मग आयटीआयला, मग हातात पाना दिला. डिसेंबरात अफ्रीनशी त्याचा निकाह ठरला होता, आणि खालिदला एरवी कशाचं नव्हतं एवढं त्या दिवसाचं कौतुक होतं. फुरकान उंचीनं कमी. त्याचं डोकं खालिदच्या कानापर्यंत यायचं, त्यामुळं येताजाता त्याच्या डोक्यावर टपली मारायची खालिदला सवय लागली होती. पोरगा आता दाढीवाला झाला तरी सवय गेली नव्हती.

जूनपासून फुरकान रोज सकाळी मोटारसायकलनं जऊळक्याला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. खालिदनं आपला टेप त्याच्याकडं दिला. तो गोदामातच खिळ्याला टांगलेला असायचा. स्वतःसाठी खालिदनं नवा घेतला.

जुलैत एकदा फुरकान जेवताना म्हणाला, "भाई, टाकीचं झाकण पुरं उघडून नाई राह्यलं. गर्डरले टेकते."

"बिजागरी गंजली असन."

"तेल टाकलं ना. जूनमंदी तर सरळ उघडे."

"मंग तूच वाकडा उघडत असशील," खालिद म्हणाला आणि सगळे हसले.

ऑगस्टात बेअरिंगचं झालं. थ्रेशरच्या शाफ्टचं एक बेअरिंग खराब झालं होतं. फुरकाननं त्याच नंबरचं नवं नेलं, ते शाफ्टवर चढेना. दुकानदारानं दुसरं दिलं, तेही चढेना. खालिद स्वतः गेला. बेअरिंगवरचा नंबर बरोबर होता, शाफ्टवरचा नंबर बरोबर होता आणि शाफ्ट केसभर जाड होता. त्यानं कंपनीच्या नावानं दोन शिव्या हासडल्या, जुनंच बेअरिंग धुऊन ग्रीस भरून बसवलं. ते अगदी बरोबर बसलं.

परत निघताना त्याचं लक्ष टाकीच्या माथ्यावर गेलं. चिमणीनं तिथं घरटं केलं होतं. ते गर्डर आणि टाकी यांच्यामध्ये दबून पापडासारखं चपटं झालं होतं.

अंगणात मदनसिंगची बायको नानीबाई झाडत होती. ती उंबऱ्यापर्यंत झाडायची, आत पाऊल टाकत नसे. शेळीचं पिल्लू दाराशी गेलं की हातातलं काम टाकून धावायची.

"तुमच्या भावाले म्या किती डाव सांगतलं," ती म्हणाली. "जेवाले तरी भायेर बस म्हनलं. आयकत नाई."

"आत सावली हाय ना, नानीबाई."

"सावली तं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

सप्टेंबरच्या शेवटी फुरकानचा फोन आला. झाकण आता मुळीच उघडत नव्हतं. टाकीनं गर्डर गाठला होता.

खालिद तासाभरात पोचला. खिळ्यावरचा टेप घेऊन त्यानं यंत्र मापलं. जमिनीपासून टाकीच्या माथ्यापर्यंत बारा फूट एक. जूनमध्ये होतं तेवढंच. मग गर्डर मापला.

बारा फूट एक.

म्हणजे इमारत खचली. त्यानं पाण्याची नळी लावून गर्डरची पातळी दोन्ही टोकांना पाहिली. गर्डर वाकलेला नव्हता. भिंतींना तडा नव्हता, दाराच्या चौकटीला नव्हता, फरशी जिथल्या तिथं होती. दगडी भिंत सहा इंच खाली जाते आणि चुना भुरभुरतसुद्धा नाही, हे त्याला पटेना. बाहेर ऊन पडलं होतं. आत गार होतं आणि कुठंही ओल नव्हती.

टेपचा हूक ढिला झाला असेल, असं मनाशी म्हणत तो टेप खिशात घालून वाशीमला आला. दुकानात जमिनीवर त्यानं जुना टेप आणि नवा टेप शेजारी शेजारी अंथरले, दोन्हींची टोकं भिंतीला टेकवली आणि गुडघ्यावर बसून पाहत पाहत पुढं सरकला.

पहिल्या फुटाला अर्ध्या इंचाचा फरक होता. सहा फुटांवर तीन इंच. जुन्या टेपवरचा बारा फूट एकचा आकडा नव्या टेपवरच्या बारा फूट सातच्या शेजारी होता. आकडे सुबक, रेघा सारख्या अंतरावर, पत्ती कुठंही ताणलेली नाही. फक्त सगळंच थोडं मोठं.

खालिद तसाच गुडघ्यावर बसून राहिला. इमारत खचली नव्हती. आत ठेवलेलं यंत्र वाढलं होतं, शाफ्ट वाढला होता आणि मापणारा टेपही त्यांच्यासोबत वाढला होता.

आणि आत आणखी एक जण रोज बसत होता.

"भाई, काय झालं? खाली काहून बसले?"

फुरकान दारात उभा होता. त्याची घरची पँट घोट्याच्या चार बोटं वर होती. लतीफा महिनाभर म्हणत होती, कापड धुण्यात आटलं.

खालिद उठला. फुरकान समोर आला. खालिदला त्याच्या डोक्यावरचा भांग दिसायचा, पंधरा वर्षं दिसत आला होता. आज दिसला नाही. आज दोघांचे डोळे समोरासमोर होते.

सव्वीस वर्षांचा माणूस वाढत नसतो. खालिद घाबरला, एवढा की त्याच्या हाताला टपली मारायचं सुचलं नाही.

"उद्यापासून तू जऊळक्याले जायचं नाई," तो म्हणाला.

"अन् मशीन? अर्धी खोललेली हाय. मेडशीवाले सोयाबीनसाठी रोज फोन करून राह्यले."

"मी जोडतो."

"भाई, तुमच्या कंबरेनं..."

"फुरकान, तुले अम्मीची कसम हाय."

अम्मीची शपथ त्या घरात कधी कुणी घातली नव्हती.

बारा दिवस खालिद गोदामात बसला. काळ्या मातीच्या अंगणात ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून ते वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. तोवर त्यानं एकेक भाग जोडला. भीती वाटत होती, पण ती फुरकानच्या वाट्याची आपण घेतली याचं त्याला बरं वाटत होतं. बारा दिवसांनी काय होतंय, असंही वाटत होतं. फुरकान तर साडेतीन महिने बसला होता. जेवायला तो आठवणीनं बाहेर नानीबाईच्या ओट्यावर जायचा.

तेराव्या दिवशी चारही टायरची हवा सोडली. यंत्र जेमतेम इंचभर खाली बसलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि हार्वेस्टर उन्हात आलं. मदनसिंग लांब उभा होता. त्यानं गोदामाला कुलूप लावलं.

"तुमी किती दिस बसले आत?" त्यानं विचारलं.

"बारा."

मदनसिंगनं खालिदकडं पाहिलं. किल्ली खिशात टाकून, मान खाली घालून निघून गेला.

हार्वेस्टर मेडशीच्या शेतात नीट चाललं. यंत्राची खालिदला फिकीर नव्हती. तो रोज फुरकानला बघायचा. टेप लावायची त्याची छाती होत नव्हती. टेपवरून मन उडालं होतं. पण नजरेनं तो मापत होताच, आणि त्याला दिसत होतं की पोरगा पुन्हा पहिल्यासारखा होत चालला आहे. आधी भुवईला आला, मग डोळ्याखाली. एका सकाळी फुरकान चहाचा कप द्यायला जवळ आला तेव्हा त्याचं डोकं बरोबर खालिदच्या कानाशी होतं. वर भांग दिसत होता. खालिदनं टपली मारली.

"काय भाई!" फुरकान हसला.

खालिदच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आत लतीफाला सांगायला गेला. "फुरकान उतरला गं. होता तेवढाच झाला बघ."

लतीफा पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली आणि बराच वेळ वरच ठेवली.

"कशिशचे अब्बा," लेकीच्या नावानं हाक मारत ती म्हणाली, "बसून बोला ना जरा." हे ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणत होती.

शुक्रवारी दोघं भाऊ जुम्म्याला गेले. मशीद भरली होती, दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून चटईवर पडलं होतं. दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. खालिदच्या उजवीकडं फुरकान उभा राहिला आणि डावीकडं रऊफभाई, बाजूच्या दुकानाचे. रऊफभाई आणि खालिद एका मापाचे. बावीस वर्षं दोघं जुम्म्याला शेजारी उभे राहत आले होते.

इमामसाहेबांनी रांगा सरळ करायला सांगितल्या. खांद्याला खांदा लावा, मध्ये जागा सोडू नका.

उजव्या बाजूला फुरकानचा खांदा लागला. खालिदच्या खांद्यापेक्षा चार बोटं खाली, नेहमी लागायचा तिथंच. खालिदनं मनातल्या मनात शुक्र मानला.

मग त्यानं डावा खांदा टेकवायला अंग कलतं केलं. खांदा सापडला नाही.

रऊफभाईंचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता.

खालिदनं समोर पाहिलं. पुढच्या रांगेतल्या सगळ्या टोप्या त्याला वरून दिसत होत्या. इमामसाहेबांची पूर्ण पाठ दिसत होती. उजवीकडं फुरकानलाही ती दिसत असणार, कारण त्याच्याही पुढं कुणाचं डोकं येत नव्हतं. फुरकान उतरला नव्हता; गोदाम सुटूनही दोघं वाढतच होते, खालिद जरा जास्त.

रऊफभाईंनी मान वर करून खालिदकडं पाहिलं. मग फुरकानकडं. नमाज उभी राहत होती. ते एक पाऊल डावीकडं सरकले.

खालिदच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी झाली. मागच्या रांगेत बरेच जण होते. ती भरायला कुणी पुढं आलं नाही.