केसभर मागे

"डोळे तपासायचे होते," दारात उभा राहून तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू, अशा वेळी ती कुणालाच ओळख देत नसे. म्हणून तर मामाने तिचं नाव चिमटी ठेवलं होतं. दुकान मामाचं, कॅमेरे दुरुस्तीचं. पण गिऱ्हाईक यायचं ते हिच्या हातासाठी, आणि मामालाही ते ठाऊक होतं.

"शेजारचं दार," ती म्हणाली. "इथे कॅमेऱ्यांचे डोळे तपासतात."

"मग... तेही चालेल बहुधा."

आता मात्र तिला बघावंच लागलं. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत तो उभा होता – केस विस्कटलेले, गळ्यात कॅमेरा. साधासुधा नव्हे, पुढे चांगली वाटीएवढी लेन्स. त्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर एक फोटो मोठा करून दाखवला.

"ही माझी आई," तो म्हणाला. "म्हणजे... आईचा कान."

खरंच की! कानाची पाळी, तिच्यावरची बारीक लव, सगळं लख्ख. डोळे मात्र धुक्यात.

"गेले तीन महिने मी आईचे कानच काढतोय. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

चिमटीला हसू आवरेना. "तुमचे डोळे ठीक आहेत. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, वरच्या खिडकीतून बघायचं. मधल्या चौकोनात दोन चित्रं दिसतात, रिंग फिरवून ती एकावर एक बसवायची. बरोबर?"

"बरोबर. तेच तर करतो."

"पण आत एक दांडा असतो, तो लेन्सचं अंतर मोजतो. तोच खोटं बोलला तर तुम्ही काय करणार? एरवी खपून जातं. पण तुमची ही लेन्स एवढी मोठी उघडते, की जवळून बोटभर जागासुद्धा स्पष्ट येत नाही. पापणी धरली की कान सुटला."

"आणि कान धरला की आई सुटली," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण मग चष्मा पुन्हा पुसायला लागला. "डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. तिचा एक तरी हसतानाचा फोटो हवाय मला. कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. हसते ती अचानक, आणि तेवढ्यात मिळाला तर मिळाला."

हातातलं काम बाजूला सारून तिने कॅमेरा जवळ ओढला.

टेबलावर तिरकी पट्टी, समोर तिकाटण्यावर कॅमेरा, वर दिवा. लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या तोंडात आत एक इवलंसं चाक दिसतं, त्याच्या स्क्रूवर सगळा खेळ. केसभर फिरवायचा, फोटो काढायचा, पट्टीवरचा कुठला आकडा लख्ख आला ते बघायचं, पुन्हा केसभर. तो स्टुलावर बसून बघत होता. पट्टीकडे थोडं आणि तिच्याकडे जास्त, हे आतल्या खोलीच्या पडद्याआडून मामाने टिपलं.

"आता तुम्ही काढा," ती म्हणाली. "चित्रं जुळली की हलायचं नाही. श्वास सोडत बटण दाबायचं. हं... बघा, मान पुढे आली."

"मी नाही आणली. आपोआप येते."

तिने दोन बोटं त्याच्या खांद्याला टेकवली. "आता?"

"आता तर श्वासच घेता येत नाहीये, डॉक्टर."

पडद्याआड मामा खोकला. मामाला खोकला नव्हता.

तो गुरुवार होता. नकाशे काढायच्या त्याच्या कचेरीला त्या दिवशी अर्धी सुट्टी असायची. पुढच्या गुरुवारी तीनच्या ठोक्याला तो हजर. मामाने आतून वर्दी दिली, "गुरुवारवाले आले गं."

"अजून जरा चुकतोय वाटतं," तो म्हणाला.

तिने दोनदा तपासलं, तीनदा तपासलं. कुठे काही चुकत नव्हतं. पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतका बरोबर. आणि बरोबर म्हणजे संपलं. दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात कशाला येईल?

मग तिने ते केलं. तो मामाशी चहाचं बोलत होता तेवढ्यात लेन्स काढून बारीक किल्ली घातली आणि स्क्रू केसभर मागे फिरवला. पुढच्या गुरुवारी येईल, पाच मिनिटांत सरळ करून देऊ, कुणाचं काय बिघडणार आहे? आयुष्यात पहिल्यांदा तिने काम वाकडं केलं, आणि गालातल्या गालात हसत केलं. वेडी पोर! साधं 'या' म्हणायला जीभ उचलत नव्हती, हात मात्र बरा उचलला.

वर तिने सल्लाही दिला. "प्रत्येक फोटो मोठा करून बघत बसू नका. तेवढ्यात माणसाचं हसू जातं. मी लावलाय ना? डोळे झाकून काढा."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. स्टुलावर बसला नाही.

"आई गेली," तो म्हणाला. "रविवारी."

तो बोलत राहिला, सपाट आवाजात. "आदल्या दिवशी उठून खिडकीशी बसली होती. मी स्वेटर उलटा घातला होता, त्यावरून हसायला लागली. थांबेचना. इतकी कधी हसली नव्हती. मी फोटो काढत सुटलो – चाळीसेक काढले. एकदाही पडदा बघितला नाही. काल संगणकावर उघडले..." तो थांबला. "सगळे कान. चाळीसच्या चाळीस. माझीच मान पुढे गेली असणार. तुम्ही एवढं शिकवलंत, आणि ऐन वेळी मी..."

तिला गप्प बसता आलं असतं. हातात किल्ली, समोर कॅमेरा, आत्ता स्क्रू सरळ केला तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःच्या मानेला दोष देत काढणार होता.

"तुमची मान नव्हती," ती म्हणाली. "आतला स्क्रू मी फिरवला होता. तुम्ही मामाशी चहाचं बोलत होतात तेव्हा. मुद्दाम."

"का?"

"तुम्ही... परत यावं म्हणून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला.

"त्या गुरुवारी कॅमेऱ्यात काहीच चुकत नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी उगाच आलो होतो. तुम्ही नुसतं 'या' म्हणाला असतात ना..."

त्याने वाक्य सोडून दिलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. "सरळ करून द्या."

त्या दिवशी तिच्या हातून किल्ली तीनदा निसटली. झाल्यावर तिने पट्टी मांडली, तर त्याने ती बाजूला केली.

"पट्टी नको. तिथे बसा, उजेडात."

ती खिडकीशी बसली. त्याने रिंग फिरवली, श्वास सोडला. मान जराही पुढे आली नाही. एकच फोटो काढला, मोठा करून दोघांनी बघितला. पापण्या एकेक सुट्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावरचं पाणीही.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि लेन्सला टोपण लावलं.

तो दाराशी पोचला तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला. "या..."

तो थबकला. वळला नाही. "आता कॅमेरा बरोबर आहे," तो हळूच म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

पुढच्या गुरुवारी मामाने तीनला स्टूल बाहेर काढून ठेवलं. सहाला त्यानेच ते आत नेलं. चिमटी मान खाली घालून काम करत होती.