खळीवर चिकटवलेला काळकडा

काळकड्याच्या पोटातलं पाण्याचं टाकं, खालचा पाडा आणि अख्खा कडा एकाच फोटोत पकडून आणायचा, आणि तोही खाणवाल्यांचे सुरुंग तिथवर पोचायच्या आत! एवढंच काम होतं. त्यासाठी भिवंडीची सईदा फोटोग्राफर एप्रिलच्या उन्हात डोंगर चढत होती.

सोबत दोघं होती. पुढे देवकी, डोक्यावर लाकडी तिपाई घेऊन. मागे तिचा दीर वाघ्या. त्याच्या पाठीवर गोधडीत बांधलेला सईदाच्या अब्बांचा थोरला कॅमेरा होता, दहा बाय बारा इंचांचा फोटो काढणारा. सईदाच्या गळ्यात पिशवी होती आणि पिशवीत फिल्मचे तीन लाकडी होल्डर. त्या पिशवीला ती कुणाला हात लावू देत नव्हती.

साल होतं अठ्ठ्याऐंशी. कड्याच्या पायथ्याशी खाण लागली होती आणि ठेकेदार छाती ठोकून सांगत होता, वर टाकं-बिकं काही नाही, नुसता दगड आहे. देवकीचा पाडा तर उन्हाळाभर त्याच टाक्याचं पाणी पीत होता! खाणीची सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांना डोंगर चढवत नव्हता. पाड्याने कुणाकडून तरी साध्या कॅमेऱ्याने फोटो काढून नेला, तेव्हा साहेब म्हणाले, "हे कुठलंही डबकं असेल."

देवकी सईदाच्या भावाच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलरसाठी लाकडं टाकायला यायची. तिने हे सांगितलं आणि सईदाचं टाळकंच सरकलं.

"डबकं? असा फोटो दाखवते त्यांना, की त्यात पाड्यातल्या कोंबड्या मोजता येतील!"

बोलायला काय जातं! त्या कॅमेऱ्याच्या काचेच्या प्लेटा बाजारातून केव्हाच गायब झाल्या होत्या. छापखान्यातली मोठी फिल्म मिळत होती, पण ती ओल्या पापडासारखी लवायची, होल्डरमध्ये सरळ उभीच राहायची नाही. मग सईदाने युक्ती काढली. साध्या काचेवर सायझिंगची खळ माखायची आणि अंधारात फिल्म तिच्यावर दाबून बसवायची. खळ चिकट राहावी म्हणून तिने तीत गूळ आटवला.

"आपा, खळ सुताला लगाते हैं," भाऊ सादिक हसून म्हणाला. "फिल्म चिकटवायला कुणी लावतं का?"

"मी लावते!"

घरी होल्डर उलटा टांगून ठेवला, तरी फिल्म हलली नाही. सईदाची मान ताठ झाली.

आता कारवीच्या वाळक्या काटक्यांमधून वाट काढताना ती ताठ मान घामाने निथळत होती. रान संपलं आणि घसारा लागला. पाय टाकावा तिथली माती सुटत होती. पुढे कड्याला बिलगून एक अरुंद पट्टी होती, एका अंगाला दगड आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा!

"खाली नको बघू, बाय," देवकी म्हणाली. "माज्या टाचा बघ."

सईदा टाचा बघत निघाली. एक पाऊल. दुसरं पाऊल. मागून वाघ्याची हाक आली. दगड निसटला होता! त्याचा एक पाय हवेत, पाठीवर कॅमेऱ्याचं ओझं, हातात मूठभर गवत! सईदाने मागे वळून गोधडीची गाठ धरली. देवकीने सईदाचा दंड धरला. तिघंही कड्याला चिकटली. मग वाघ्याचा पाय खाचेत रुतला आणि तिघं पुन्हा सरकत निघाली. पट्टीच्या टोकाला टाकं होतं, कातळात खोदलेलं, आत खांब असलेलं, काळोखं आणि गार.

पण फोटो तिथून यायचा नव्हता. टाकं आणि पाडा एकत्र दिसायला वरच्या टप्प्यावर जाऊन कॅमेरा खाली वाकवायला हवा होता. म्हणजे होल्डरमधली फिल्म तोंड खाली करून लटकणार आणि तिला धरणार फक्त खळ!

वरच्या टप्प्यावर सणसणीत वारा होता. सईदाने तिपाईचे पाय दगडांनी आवळले, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर उलटा कडा उमटला. पहिला होल्डर बसवला आणि सरकतं झाकण ओढलं.

टप्!

आत फिल्म सुटून पडली होती. दुसरा होल्डर काढला, तर त्याच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची रांग निघालेली! गूळ म्हटल्यावर मुंग्यांना काय आवतण लागतं? फिल्मची वाट लागली होती. तिसरा होल्डर तिने कानाशी हलवून पाहिला. आत खुळखुळ वाजलं.

सईदा मटकन खाली बसली. चूक तिला कळली होती आणि स्वतःचाच संताप आला होता. खळ कोरड्या हवेत तडकते, सूत तुटतं, म्हणून लूमच्या कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात, हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल! आणि तिने होल्डर तपासला होता खाडीकाठच्या दमट घरात. डोंगरावरच्या या वाऱ्याचा विचारच केला नव्हता.

"चला माघारी," वाघ्या म्हणाला. "जीव हाय त सगला हाय."

"माघारी? नाही!" सईदा उठली. "खळीला ओल पाहिजे आणि मला अंधार. दोन्ही खाली टाक्यात आहे. मी आत उतरते."

वाघ्याचा चेहरा पडला. त्या टाक्यात कुणी पाय घालत नसे. वरून भोपळ्याने पाणी काढायचं, वाकून, चपला लांब ठेवून. पोरांनाही तो नेम पाठ होता.

"देवाचं पानी हाय त्यो," तो म्हणाला. "पाय न्हाय घालायचा."

असला हुकूम सईदाने द्यायचा नव्हता. देवकी टाक्याकडे बघत राहिली, मग दोन्ही हात जोडून काहीतरी पुटपुटली.

"टाकाच न्हाय ऱ्हायला त नेम कुनासाठी पालायचा?" ती म्हणाली. "उतर, बाय. देवाला मी सांगतंय."

कॅमेरा वरच ठेवून तिघं खाली आली आणि दोघांनी टाक्याच्या तोंडावर गोधडी ताणून धरली. त्यावर काळं कापड. आत मिट्ट काळोख झाला. सईदाला पोहता येत नव्हतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला! तळाच्या शेवाळावरून पाय सरकला आणि तिने खांबाला मिठी मारली. तिसरा होल्डर डोक्यावर धरलेला. चाचपडत ती मागच्या भिंतीतल्या कोनाड्याशी पोचली आणि होल्डर त्यात टेकवला. केसांना बोटं पुसून कोरडी केली, झाकण काढलं, सुटलेली फिल्म हाताशी घेतली. तिची कुठली बाजू कुठली? तिने कोपरा ओठाला लावला. जी बाजू ओठाला चिकटते तिच्यावरच फोटो उमटतो, ती वर हवी. मग काचेवरच्या खळीला तिने ओल्या बोटाने अलगद ओल दिली, वर तोंडाची वाफ सोडली आणि थांबली. दातावर दात आपटत होते, तरी थांबली. बोट चिकटायला लागलं तशी तिने फिल्म मधून कडेपर्यंत दाबत नेली आणि झाकण सरकवलं.

ती बाहेर आली तोच खालून शिट्टी वाजली. खाणीचा मुकादम दाजी लाल निशाण घेऊन टाक्याखालच्या उतारावर उभा होता.

"उतरा खाली! सुरुंगाचा बार लागनार हाय!"

हादरा बसला तर तिपाई हलणार आणि सगळं मुसळ केरात! सईदा ओल्या कपड्यांनी वरच्या टप्प्याकडे धावली. वाघ्या मागे. देवकी मात्र टाक्याच्या काठावर जाऊन उभी राहिली, दाजीच्या डोळ्यांसमोर.

"लाव बार!" ती ओरडली. "मी हितून हालनार न्हाय!"

"मरशील, बये!"

"मरेन! मंग पाड्याला तोंड तू दाखीव!"

निशाण हातात तसंच धरून दाजी आ वासून बघत राहिला. सईदाने होल्डर बसवला. झाकण ओढलं. कान दिला. टप् नाही! फिल्म धरून होती. तिने लेन्सची टोपी काढली.

एक… दोन… तीन!

टोपी बसली. झाकण बसलं. "पळा!"

दाजी भानावर येऊन त्यांना धरायला वर धावला, तोवर देवकी वर पोचली होती आणि तिघं मागच्या घळीतून बसत, घसरत, ओरबाडून घेत उतरत होती. पाठीवर कॅमेरा, कवेत होल्डर, तोंडात माती! त्या दिवशी बार उडालाच नाही. वर डोंगरात माणसं असताना तो उडवायची छाती कुणाची होती?

सुनावणीच्या दिवशी तो थोरला फोटो साहेबांच्या टेबलावर पसरला, तेव्हा सईदाच्या गुडघ्यांवरच्या खरचटलेल्या जखमा अजून ओल्या होत्या. फोटोत अख्खा कडा होता, टाकं होतं, काठावर कमरेला पदर खोचलेली देवकी होती, आणि खाली पाड्यातली घरं कौलांसकट दिसत होती.

"हा डोंगरच दुसरा आहे!" ठेकेदार गरजला. "ही बाई कुठलाही फोटो आणेल!"

"मग नीट बघा ना, साहेब," सईदा म्हणाली. "मोठा काढलाय तो बघण्यासाठीच."

साहेबांनी भिंग मागवलं. ते कड्यावरून हळूहळू खाली सरकत गेले आणि टाक्याखालच्या उतारावर थांबले. मग त्यांनी मान वर करून ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा भिंगात पाहिलं. तीच झुपकेदार मिशी, हातात निशाण, तोंड उघडं.

"दाजी नाव ना तुमचं? हे तुम्हीच दिसता. कुठे उभे आहात इथे?"

दाजीने ठेकेदाराकडे पाहिलं. मग देवकीकडे पाहिलं. ती तशीच ताठ उभी होती.

"टाक्याखाली, साहेब," दाजी म्हणाला.