ऊबदार, टिकाऊ, पाच स्टार

फोन साहेबांचा होता आणि साहेब कधी नव्हे ते हळू बोलत होते.

"भिंग, एक बाई गेल्या. निवृत्त संगीतशिक्षिका. आपल्या अ‍ॅपवरून घेतलेला हीटर पेटला. विकणारीचा पत्ता पाठवलाय. पोलीस पोचायच्या आत तिथे जा. 'दुकान माझं आहे', एवढं एक वाक्य तिच्या तोंडून आण."

कंपनीत तिला सगळे भिंग म्हणत. कंपनी स्वतः काही बनवत नव्हती की साठवत नव्हती. अ‍ॅपवर लोकांना दुकानं मांडून द्यायची आणि विक्रीतला वाटा घ्यायचा, एवढाच तिचा उद्योग. भानगड झाली की भिंगला धाडायचं. नकली अत्तर, बुटाच्या खोक्यात वीट, हे रोजचंच. जीव मात्र पहिल्यांदाच गेला होता.

साहेबांचं न ऐकता ती आधी जळलेल्या खोलीत गेली. पाण्याने भिजलेली राख, काळी पडलेली भिंत. पलंगावर अर्धी जळालेली रजई. तिच्या शाबूत कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं एक छोटंसं पान विणलं होतं. भिंगने मोबाइलवर फोटो काढला. बाईंची मुलगी दारातच उभी होती.

"आईंनी हाच हीटर का घेतला?"

"म्हणाली, ओळखीचं दुकान आहे."

"ओळखीचं म्हणजे?"

"काय माहीत. मी म्हटलं, चांगल्या कंपनीचा घे. पण माझं ऐकते कुठे..." ती थांबली. "ऐकायची कुठे."

भिंग गाडीकडे वळली.

गाडीत तिने कंपनीच्या टॅबवर हीटरचं पान उघडलं. पाच स्टार. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय. 'मस्त ऊब, आजोबा खूश.' 'वजनाला हलकं, प्रवासातही नेलं.' 'तीनदा धुऊन झालं, रंग जसाच्या तसा.' तिसरा अभिप्राय तिने पुन्हा वाचला.

शेजारी सोबती बसला होता. विक्रेत्यांना मदत करणाऱ्यांना कंपनीने हे गोड नाव दिलं होतं. या भागातली दुकानं त्याच्याकडे होती.

"या विकणाऱ्या बाईंना ओळखता?"

"छे हो, मॅडम. ढीगभर दुकानं माझ्याकडे. हिच्याशी तर फोनवरही कधी बोललो नाही."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत विकणारीचा दीर पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. तारा, कॉइली, उघडी पोटं घेऊन बसलेली यंत्रं. सोबत्याने भिंगला कोपराने ढोसलं. "घ्या. आणखी काय पाहिजे?"

आतल्या खोलीत शिवणयंत्रावर चादर टाकलेली. विकणारी मावशी खुर्चीत बसली होती, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शाल पांघरून.

"मावशी, हीटर कधीपासून विकता?"

"हीटर? अगं बाई, मी रजया विकायचे. ते दुकानसुद्धा कधीच बंद केलं."

"दुकान चालू आहे. हे बघा, तुमचं नाव."

मावशी टॅबकडे बघत राहिली. "माझ्या रजयांचे फोटो कुठे गेले?"

दीर तावातावाने आत आला. "वहिनी हल्ली ते अ‍ॅप उघडतसुद्धा नाही! आणि मी मिक्सर दुरुस्त करतो, हीटर बनवत नाही. बघा ना, नुसत्या कॉइली आहेत!"

"म्हणजे हीटरचं सामान घरात आहे, हे कबूल," सोबती शांतपणे म्हणाला.

सोबत्याने जबाबाचा कागद पुढे केला. "अंगठा दिलात तरी चालेल, मावशी. सहीला बोटं कुठे वळणार तुमची?"

भिंगने शालीकडे पाहिलं. हात अजून बाहेर आलेच नव्हते.

"मावशी, जरा हात दाखवता?"

बोटं सुजलेली, सांध्यांत वाकडी झालेली. "टाका घालता येईना," मावशी म्हणाली. "म्हणून तर कंपनीला फोन केला, दुकान बंद करा म्हटलं. फार गोड मुलगा होता. म्हणाला, मोबाइलवर आकडा येईल तेवढा सांगा, बाकी मी बघतो."

"सांगितलात?"

"न सांगायला काय झालं? कंपनीचाच माणूस ना."

भिंग सोबत्याकडे वळली. "कधी बोलला नाहीत यांच्याशी. मग बोटं वळत नाहीत हे कोणी सांगितलं? शालीतून दिसलं?"

सोबत्याने कागदाची घडी घातली.

"नव्या दुकानातून हीटर कोण घेणार? स्टार लागतात. यांचं दुकान बंद न करता त्या आकड्यावर तुम्ही ते ताब्यात घेतलंत आणि कुणा हीटरवाल्याच्या हातात दिलंत. फोटो बदलले, माल बदलला. नाव आणि अभिप्राय तसेच ठेवले. रजईवालीच गाठलीत, कारण ऊब दोन्हीकडे चालते. एकच अभिप्राय पुसायचा राहिला. हीटर कोणी धुतं का हो?"

सोबती मटकन स्टुलावर बसला. "मी माझ्या मनाने केलं असेल का, मॅडम? स्टारवाली दुकानं पडून ठेवायची नाहीत, असं वरूनच सांगितलंय."

"वरून म्हणजे?"

तेवढ्यात भिंगचा फोन वाजला. साहेब. तिने सगळं सांगितलं.

"ओटीपी कोणाला देऊ नका, असं आपण ठळक लिहितो," साहेब म्हणाले. "तिने दिला. दुकान तिच्या नावावर आहे. आपण फक्त बाजार भरवतो, भिंग."

"मी पोलिसांना सांगणार आहे."

"सांग की. दाखवणार काय?"

तिने टॅब उघडला. पान गेलं होतं. मग तिचं स्वतःचं खातंही उघडेना. पान आपल्याच कंपनीचं, पळून कुठे जाणार, म्हणून तिने त्याचा फोटोदेखील घेतला नव्हता. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

सोबत्याचा मोबाइल वाजला. त्याने निरोप वाचला, उठला, पँट झटकली. "मी यांच्याशी कधीच बोललो नाही," तो अदबीने म्हणाला.

जिन्यात बूट वाजले. इन्स्पेक्टर आत आला. भिंगने घडाघडा सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"कंपनीकडून नोंदी मागवू," तो म्हणाला.

मावशीने भिंगची बाही ओढली. "त्या बाई... कोण होत्या गं?"

भिंगने मोबाइलवरचा जळक्या रजईच्या कोपऱ्याचा फोटो पुढे धरला. मावशीने वाकड्या बोटाने ते हिरवं पान कुरवाळलं.

"हे माझं. प्रत्येक रजईत घालायचे." तिने मोबाइलवरून नजर उचलली. "म्हणजे माझं नाव बघूनच त्यांनी तो घेतला?"

भिंगला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "हो, मावशी."

"दुकान कोणाच्या नावावर आहे?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"वहिनी, गप्प बस!" दीर ओरडला.

मावशीने शाल बाजूला ठेवली आणि उठून उभी राहिली.

"दुकान माझं आहे," ती म्हणाली.

साहेबांना एवढंच वाक्य हवं होतं.