चाक फिरवणारं कोण

खटपट्या त्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेला तो फक्त डबाभर रॉकेल मागायला. स्वतःच्या घरचं रॉकेल त्याने आदल्या दिवशी एका घड्याळाला पाजलं होतं. घड्याळ काही चाललं नाही, पण वास असा सुटला की घरच्यांनी त्याचं ताट अंगणात मांडलं.

चाळीस वर्षं वर्कशॉपात पाने फिरवून निवृत्त झालेला माणूस. खरं नाव सगळे विसरले, खटपट्या तेवढं उरलं. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. चालू वस्तू दिसली तरी सुटायची, आणि मग ती बंद पडायची.

वहिनी पायरीवर बसून आभाळाकडे बघत होत्या. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे उरल्या होत्या अकरा गायी, आणि समोर कापून वाळवलेल्या गवताचं अख्खं रान.

"रात्रीपर्यंत पाऊस येतोय म्हणे," वहिनी म्हणाल्या. "गठ्ठे बांधणाऱ्या मशीनवाल्याला फोन केला. तो चार दिवसांनी येतो म्हणाला."

"चार दिवसांनी येऊन चिखलाचे गठ्ठे बांधणार का?"

"हसा तुम्ही, भाऊजी. गवत भिजलं की कुजलं. मग मी गायी विकते आणि लेकीकडे जाऊन राहते. ती केव्हाची बोलावतेय."

खटपट्याचं हसू ओठावरच वाळलं. सकाळचा इथला चहा आणि त्याबरोबरचे टोमणे गेले, तर त्याच्या दिवसाला बूडच राहणार नव्हतं.

"दादाचं जुनं मशीन आहे की शेडमध्ये."

"दहा वर्षं झाली त्याला हात लावून."

"म्हणजे झोप पुरी झाली. उठवतो."

"उठवू नका म्हणायचे ते," वहिनी हळूच म्हणाल्या. "का ते कधी सांगितलं नाही."

पण हे ऐकायला खटपट्या होता कुठे? रॉकेलचा डबा उचलून तो गोठ्यामागे पोचलासुद्धा होता.

शेडमध्ये जुन्या गवताचा, उंदरांचा आणि शिळ्या ग्रीसचा वास कोंडला होता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके मशीनच्या पाठीवर पडले होते. आता हे मशीन कसं, तर पुढचे लोखंडी काटे गवत उचलून आत ढकलतात, ट्रंकेएवढा दट्ट्या ते ठोकून चौकोनी करतो, दोन वाकड्या सुया खालून सुतळी वर आणतात आणि वर बसलेल्या दोन लोखंडी चोची गाठ मारतात. बाजूला कमरेएवढं जड चाक. ते फिरलं की सगळं फिरतं.

ते चाक दादाने जाड तारेने सांगाड्याला बांधून टाकलं होतं. वेढे मोजले तर चौदा.

"एका वेढ्यात भागतं तिथे चौदा," खटपट्या पुटपुटला. "दादा म्हणजे दादाच." आणि पक्कडीने त्याने तारेचे तुकडे तुकडे केले.

मग रॉकेल ओतलं, गंज घासला, ग्रीस भरलं. दोन तासांत त्याच्या लक्षात आलं की यात मोडलेलं असं काहीच नाही. सुतळीसुद्धा ओवलेली होती. धडधाकट मशीन दादाने बांधून का ठेवलं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. खटपट्या आनंदाने शीळ घालू लागला.

ट्रॅक्टर जोडण्याआधी गाठ हाताने तपासायची असते. त्याला माणसं दोन लागतात. एकाने चाक सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने हात आत घालून चोच बघायची. शब्दही दोनच, 'फिरव' आणि 'बास'. ते फक्त हात आत असलेल्याने बोलायचे. 'बास' म्हटल्यावर चाक केसभरही पुढे जाता कामा नये, नाहीतर सुतळीऐवजी बोटांची गाठ बसते.

"वहिनी," त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "जरा चाकावर या."

थोड्या वेळाने पलीकडे पेंढा चुरचुरला. मशीनच्या आडोशाने माणूस दिसत नव्हतं. खटपट्याने हात आत घातला.

"हं, फिरवा."

चाक फिरलं. लोण्यातून सुरी जावी तसं. सुया वर आल्या, चोच वळली.

"बास."

जागच्या जागी थांबलं. चाळीस वर्षांत इतका नेमका हात त्याला कुणाचा मिळाला नव्हता.

"वहिनी, तुम्ही वर्कशॉपात असता तर मला कुणी झाडायलासुद्धा ठेवलं नसतं."

पलीकडे नुसता पेंढा चुरचुरला.

"रुसलात का? काल चहाला भांड्यांचं पाणी म्हटलं म्हणून?"

त्याने एक स्प्रिंग घट्ट केली. "फिरवा." चाक फिरलं. चोचीने सुतळी पकडली, गिरकी घेतली, आणि टच्च गाठ मारून सोडली. खटपट्या लहान पोरासारखा नाचायला लागला.

"बांधली, वहिनी. बघा, बांधली."

"कुणाशी बोलताय?"

आवाज त्याच्या पाठीमागून, दारातून आला. वहिनी उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत साबणाने ओले. "हाक ऐकली. धुणं पिळत होते ते टाकून आले."

खटपट्या वळसा घालून चाकापाशी गेला. तिथे कुणी नव्हतं. जमिनीवरच्या दहा वर्षांच्या धुळीत तार तोडताना उमटलेली त्याची स्वतःची पावलं तेवढी होती. फक्त चाकाच्या कडेवर, दोन तळवे मावतील एवढ्या जागी, लोखंड लख्ख पुसलेलं होतं.

त्याच्या अंगावर काटा उभा राहिला, आणि गंमत अशी की तो भीतीचा नव्हता.

"दादा," तो कुजबुजला. "वहिनी, दादा आलाय मदतीला."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्या काही बोलणार तोच आभाळ गुरगुरलं, आणि खटपट्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवायला धावलासुद्धा.

मग काय मजा सुरू झाली म्हणता. धप्प, धप्प, धप्प. पुढून रान गिळत आणि मागून चौकोनी गठ्ठे टाकत मशीन निघालं. खटपट्या मागे पळतोय, गाठी तपासतोय, नाकात भुसा, डोक्यात भुसा, आणि तोंड बंद होईल तर शपथ. "काका, लग्नातही एवढे नाचला नसाल," ट्रॅक्टरवाला ओरडला. "लग्नात नवरी बघितली होती रे, नाचणार कसा," खटपट्याने परतवलं.

अर्ध्या रानात मशीन अडलं. ट्रॅक्टर बंद केला, त्याच्या जोरावर मशीन फिरवणारा शाफ्ट सोडवला. ट्रॅक्टरवाला पाणी प्यायला दहा पावलं लांब गेला. खटपट्याने हात आत घातला आणि सहज, घरच्या माणसाला सांगावं तसं, म्हणाला, "दादा, थोडं मागे घे."

चाक मागे फिरलं. अडकलेलं गवत सुटलं. "बास."

ट्रॅक्टरवाल्याच्या हातातली बाटली तोंडाशीच राहिली. त्यानंतर त्याने विनोद केला नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

ऊन उतरता उतरता शेवटची ओळ आली. गठ्ठे गोठ्याच्या माळ्यावर चढले होते. वहिनी बांधावर उभ्या होत्या.

"दादाने लाज राखली की नाही?" खटपट्या घाम पुसत म्हणाला.

"भाऊजी... ते तुमचे दादा नव्हेत."

"कशावरून?"

"हे मशीन चालू होतं तेव्हा शेडमधून मला रोज आवाज यायचा. फिरव... बास... फिरव. आत तुमचे दादा एकटेच असायचे. मला वाटायचं, स्वतःशी बोलतात." वहिनींनी पदर तोंडाशी धरला. "एक दिवस हाताला फडकं गुंडाळून बाहेर आले. म्हणाले, बास म्हटलं होतं मी... दोनदा म्हटलं होतं."

खटपट्याला आठवली दादाच्या उजव्या हाताची तुटलेली दोन बोटं. दारात चेंगरली, असं दादाने सगळ्यांना सांगितलं होतं.

"त्याच दिवशी तार घेऊन आत गेले. का, ते मला आज कळलं."

खटपट्याने दोन्ही हात खिशात घातले. पावसाचा पहिला थेंब पडला तेव्हा मशीनच्या पोटात अर्धा गठ्ठा शिल्लक होता. तो काढायला हात घालायची त्याची हिंमत झाली नाही. मशीन तसंच शेडमध्ये ढकललं, शाफ्ट काढून घरात आणला आणि शेडच्या दाराला कुलूप लावलं.

सकाळी पाऊस थांबला होता. माळ्यावरचं गवत कोरडं होतं. वहिनींनी चहा टाकला, लेकीला फोन करून सांगितलं की येत नाही, गायी इथेच आहेत आणि मीही. खटपट्याने चहाला नावंसुद्धा ठेवली नाहीत. मग दोघांनी जाऊन कुलूप काढलं.

मशीनचं पोट रिकामं होतं. मागे जमिनीवर एक पुरा गठ्ठा पडला होता, आवळून बांधलेला. गवत हिरवं, नुकतं कापल्यासारखं, दवाने ओलं, आणि त्यात बारीक निळी फुलं. तसलं गवत त्या दोघांनी जन्मात बघितलं नव्हतं.

"गायींना घालू नका," वहिनी म्हणाल्या.

खटपट्याने गोठ्याकडे बघितलं. अकराही गायी माना वर करून उभ्या होत्या. गठ्ठ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चारा घालणारा आला की जशा बघतात तशा त्या बघत होत्या, वहिनींच्या आणि त्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडे. मग अकरा माना एकाच वेळी, सावकाश, घराच्या दिशेने वळू लागल्या.