हद्दीतच थांब

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही थाप नाही. माझ्या आत्याच्या घरात घडलेलं आहे, सत्त्याण्णव साली, कोरेगावकडच्या एका ओढ्यावर. तेही भर दिवसा.

आत्याचे यजमान नानासो साखर कारखान्यात शेतकी अधिकारी. माणूस लय संशयी. ऑफिसच्या भिंतीवर नकाशा, त्यावर लाल पेन्सिलीने आखलेल्या हद्दी आणि उसाच्या फडावर फिरणाऱ्या प्रत्येक माणसाची एक टाचणी. जागा बदलली की वायरलेसवर कळवायचं. न विचारता हद्द ओलांडली की नोकरी गेलीच.

फडावरच्या ज्योतिबा नावाच्या गड्याची हद्द ओढ्यापर्यंत होती.

त्या हंगामात त्याला फडात साप चावला. दवाखाना ओढ्याच्या पलीकडेच. समोर दिसत होता...

त्याने वायरलेसवर विचारलं, पलीकडं जाऊ का? नानासोंना वाटलं, गड्याला घरी पळायचंय.

"हद्दीतच थांब. गाडी धाडतो."

गाडी धाडलीच नाही. नोकरीच्या भीतीनं बिचारा काठावरच्या दगडावर बसून राहिला आणि बसल्या जागी गेला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

नानासोंनी त्याची टाचणी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती परत ओढ्यावर...

शिपायाला फैलावर घेतलं. तो लेकराची शपथ घेऊन सांगत होता, मी हात लावला न्हाई.

उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, मयूरीचं, सांगलीत लग्न होतं. घरचे सगळे आदल्या दिवशीच गेले. नानासो काम उरकून सकाळी एकटेच निघणार होते. कन्यादान त्यांच्याच हातून व्हायचं होतं.

निघताना नकाशाकडं नजर गेली. सगळ्या टाचण्या खाली पडलेल्या.

ओढ्यावर मात्र दोन...

ओढ्यावरच्या पुलाच्या तोंडाशी जीप बंद पडली. ना पाखरू, ना वारा. चालत निघावं म्हटलं, तर पाय उचलेना.

आणि जीपमधला बंद वायरलेस खरखरला...

"हद्दीतच थांबा, सायेब. गाडी धाडतो."

तिकडं मुहूर्त टळायला आला. मयूरी दाराकडं बघत होती. शेवटी चुलत्यानं कन्यादान केलं.

संध्याकाळी माणसं शोधत आली, तर नानासो त्याच दगडावर बसलेले. किल्ली फिरवताच जीप सुरू झाली. नानासो मात्र पुलावर पाय ठेवायला तयार होईनात.

आजतागायत त्यांनी तो ओढा ओलांडलेला नाही. लेकीच्या बाळंतपणालाही नाही. मयूरी त्यांच्याशी बोलत नाही. रोज दगडावर जाऊन बसतात. घरी चला म्हटलं की एवढंच म्हणतात, "गाडी येतीय."

एकदा मीही त्यांच्याशेजारी बसलो. त्यांची समजूत काढायला.

लांबून खरंच जीपचा आवाज आला... जवळ येत होता... येतच राहिला...

अंधार पडेपर्यंत वाट बघितली. जीप काही आली नाही. नानासो तिथंच बसून होते. मी एकटाच उठून आलो, आणि परत त्या ओढ्यावर गेलेलो नाही.