तार नसलेली पट्टी

कार्यक्रम संध्याकाळचा होता आणि दुपार टळली तरी सूर जुळवणाऱ्या कारागिराचं डोकं पियानोच्या आतच होतं. शेवटी ते बाहेर आलं, धुळीने माखलेलं.

"ताई, डावीकडच्या या पट्टीला तारच नाही. दाबली की नुसतं लाकूड वाजतं. नवी चढवू का?"

"नको," संगीतकाराची मुलगी म्हणाली. "बाबांनी ती तशीच ठेवली होती."

हा पियानो त्यांच्या घरातला, आजच्यासाठी सभागृहात आणलेला. बाबा हयात असताना त्यांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. यांचं कुठेच विकलं नाही. शेजारपाजारच्या मुलांना शिकवून त्यांनी घर चालवलं आणि उरल्या वेळात रचना केल्या. प्रत्येक रचना ते याच मुक्या पट्टीवर संपवत. ठक्. लहानपणी ती खुदखुदायची, तेव्हा ते शांतपणे म्हणायचे, "ऐकणारं कुणी आलं की वाजेल."

कुणी आलं नाही. ते गेल्यावर मात्र वरातीमागून घोडं यावं तसं सगळं शहर आलं. लेख, भाषणं आणि आता हे गच्च भरलेलं सभागृह. तिला आनंदापेक्षा रागच जास्त होता. हे बाबांना कळायला हवं होतं, बाकी तिला काही नको होतं.

कार्यक्रमाच्या वेळी ती पडद्याआड, पियानोच्या अगदी जवळ उभी राहिली. शेजारी कारागीर. वादक बाईंनी बाबांची शेवटची रचना जराही घाई न करता वाजवली आणि शेवटी डावीकडची ती पट्टी दाबली.

सूर लागला. खोल, भरदार, स्वच्छ.

"तुम्ही तार चढवलीत?" तिने कुजबुजत विचारलं.

कारागिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हातसुद्धा लावला नाही, ताई."

टाळ्या सुरू झाल्या. वादक बाई उठल्या, पुढे जाऊन वाकल्या. सूर चालूच होता.

तिने पट्ट्यांकडे पाहिलं. बाकडं रिकामं होतं. ती पट्टी अजून दाबलेलीच होती.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. भीती वाटायला हवी होती, पण तिचे डोळे भरून आले.

"बाबा, ऐकताय ना?"

शेवटची टाळी विरली, तेव्हा कुठे ती पट्टी, कुणी बोट उचलावं तशी, सावकाश वर आली.